अकरा ओळींचा हात

मी संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी 'बाई चांगल्या होत्या हो, यंत्राने बिघडवल्या' असं म्हणायला नको. भाजीवाल्याने पिशवीत तळाशी ढकललेला टोमॅटो मी वर काढून बघते. एखाद्या मुलाला चाळीसपैकी चाळीस पडले तर आनंद व्हायच्या आधी मला त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते आठवतं. एकतीस वर्षं संगणकशास्त्र शिकवलं, त्यातली शेवटची सहा विभागप्रमुख म्हणून, आणि माझा संशय दहापैकी आठ वेळा खरा निघाला. उरलेल्या दोघांचं काय झालं ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही चौकशी केली नाही.

त्यामुळे 'ठसा' आला तेव्हा आमच्या देवखेड विद्यापीठात सगळ्यांत जास्त आनंद जर कोणाला झाला असेल, तर मला.

दिवसच तसे आले होते. प्रबंध यंत्राकडून लिहून मिळत होता, प्रोग्रॅम यंत्राकडून, शिफारसपत्रसुद्धा. निवड समितीसमोर उमेदवार चार किलो कागद घेऊन बसायचा आणि आम्ही पाच जण त्याच्या तोंडाकडे बघत विचार करायचो, यातलं याचं काय? ठसा, म्हणजे लिहिणारा ओळखणारं यंत्र, त्याने तो प्रश्न सोडवला. त्याचं तत्त्व साधं आहे. घरात चार बायका स्वयंपाक करत असल्या तर ताट पुढ्यात आल्यावर, न विचारता, आमटी कोणी केली ते घरच्यांना कळतं. एकीची फोडणी जळकी, एकीचं मीठ शेवटी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंही तसंच असतं. तो तुकडे कुठे पाडतो, नावं कशी ठेवतो, कशाची भीती त्याला आधी वाटते, म्हणजे आत काहीच आलं नाही तर काय ही तपासणी तो पहिल्या ओळीत करतो की शेवटच्या, अशा चार हजार सवयी ठसा मोजतो. त्या चार हजार आकड्यांना आम्ही त्या माणसाचा 'हात' म्हणतो. माणसाने विषय बदलला, भाषा बदलली, तरी हात फारसा बदलत नाही.

आता दोन वेगळ्या माणसांचे हात एकसारखे निघाले तर? तर ठसा तारीख बघतो. ज्याचं काम आधी जगासमोर आलं त्याचा हात मूळ, नंतरच्याची नक्कल. बस्स. नक्कल ठरली की उमेदवाराच्या नावावर लाल शेरा बसतो आणि तो देशातल्या सगळ्या विद्यापीठांना दिसतो. मग कायमची नोकरी सोडाच, तासिका तत्त्वावरसुद्धा कोणी उभं करत नाही.

एक गोष्ट राहिली. ठसा नव्या उमेदवारांसाठी. सेवेत कायम असलेल्या आम्हा प्राध्यापकांचं काम त्यात घातलं जात नाही. आमच्या संघटनेने तसं निवेदन दिलं होतं. 'ज्येष्ठांचा अवमान होऊ नये' असं त्यातलं वाक्य होतं. ते वाक्य माझं, आणि खाली पहिली सहीही माझी.

विभागप्रमुख म्हणून ठशाची चावी माझ्याकडे होती. चावी हातात असली की माणूस कुलपं शोधत हिंडतो. मी सहकाऱ्यांची पत्रं त्यात घातली, मुलीच्या शाळेतल्या जुन्या निबंधांचे फोटो घातले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला फोनवर एवढा लांबलचक संदेश पाठवला होता. वाचून मला रडू आलं होतं. तोही घातला. उत्तर आलं, 'मानवी हात आढळला नाही.'

"अगं, शब्द मशीनचे असतील, पण पाठवले मीच ना?" मिलिंद म्हणाला.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत तो म्हणाला, "हेमा, घरातल्या सगळ्यांचं घातलंस त्या डबड्यात. स्वतःचं घातलंस कधी?"

"आम्हाला सूट आहे," मी म्हणाले. आणि चहा प्यायले.

त्याच महिन्यात आमच्याकडे सहायक प्राध्यापकाची एक जागा भरायला निघाली. अकरा वर्षांनी निघालेली एक जागा! उमेदवारांत उज्ज्वला बागूल होती. उज्ज्वला आमच्याकडे बारा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. जितके तास तितकं मानधन, मे महिना कोरडा, दर जूनला नवा अर्ज. एक्केचाळीस वर्षांची बाई, पण कार्यालयातले लोक तिला अजून 'ती तासिकावाली' म्हणायचे. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रात्यक्षिकं तिच्याकडे, कारण ती कायमच्या माणसांना नको असतात. दुपारचा डबा आम्ही दोघी माझ्याच केबिनमध्ये खायचो. तिची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मी हक्काने उचलायचे. ही जागा तिची, असं सगळे धरून चालले होते. मीही.

ठशाने तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधावर लाल शेरा मारला.

अहवाल माझ्या पडद्यावर होता. तिचा हात चौदा जणांच्या हाताशी जुळत होता. चौदाही जणांचं काम तिच्या प्रबंधाच्या आधी प्रसिद्ध झालेलं, सगळ्यांत जुनं सात वर्षांपूर्वीचं. आणि चौदाही जण आमच्याच विभागाचे माजी विद्यार्थी.

झालं. माझ्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती माझ्या मनात बिऱ्हाडच करते. मला सगळं चित्र लख्ख दिसलं. मुलं हुशार, बाई त्यांच्या प्रोजेक्टच्या फाइली तपासणार, एकेक तुकडा बाजूला काढून ठेवणार. मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठातले, त्यांना काय कळणार? वेगवेगळ्या बॅचची, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली चौदा मुलं एकाच हाताने कशी लिहितील, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या पोरालाही पडला असता. मला नाही पडला. मला उत्तर आधीच मिळालं होतं ना!

दुपारी ती डबा घेऊन आली. मी भाकरीला हात लावला नाही.

"उज्ज्वला, जुन्या मुलांचे प्रोजेक्ट तू ठेवतेस का गं जपून?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ठेवते की मॅडम. कपाटात आहेत सगळे. का?"

"काही नाही. कधी कामाला येत असतील."

तिने घास खाली ठेवला. ती काही खुळी नव्हती. शेऱ्याची सूचना तिलाही सकाळीच आली होती. "मॅडम, तुम्हालाही असंच वाटतंय का?"

"मला काय वाटतंय हा प्रश्नच नाही. यंत्राला काय सापडलं ते बघ. चौदा जण, उज्ज्वला! एक असता तर मी समजले असते."

ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मॅडम, तुम्ही तीन नंबरच्या लॅबमध्ये शेवटच्या कधी आला होतात?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोरी स्वतःची आणि प्रश्न मला? "सुनावणी गुरुवारी अकरा वाजता आहे," मी म्हणाले. "तिथे काय सांगायचं ते सांग."

सुनावणी अधिष्ठाता रणदिवे सरांपुढे होणार होती. मंगळवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. रणदिवे सर आवाज चढवत नाहीत, त्यांना कधी गरजच पडली नाही. "कोठावळे मॅडम, विभागप्रमुखांचा अभिप्राय अहवालाशी जुळता असला की प्रकरण दहा मिनिटांत मिटतं," ते म्हणाले. "बाईंशी तुमचं घरोब्याचं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं."

"घरोबा वेगळा, काम वेगळं," मी ताठ मानेने सांगितलं.

खोलीत परत येऊन मी अभिप्राय लिहायला घेतला. लिहायचं तर पुराव्यानिशी लिहावं, म्हणून अहवालाचं शेवटचं पान उघडलं. तिथे कोणत्या सवयींमुळे हात जुळला त्यांची यादी असते. पहिलीच नोंद अशी होती, 'एकही तुकडा अकरा ओळींपेक्षा मोठा नाही.' दुसरी, 'शेवटच्या ओळीत नेहमी रिकाम्या उत्तराची तपासणी.'

अकराच का? दहा नाही, बारा नाही, वीस नाही? चौदा पोरांना अकराच ओळींचं वेड कसं लागलं? मला ते खटकलं. आणि कुठेतरी तिचा तो लॅबचा प्रश्नही टोचत होता. मी उठले आणि खाली तळमजल्यावर गेले.

तीन नंबरच्या लॅबमध्ये मी चार वर्षांत पाय ठेवला नव्हता. दार उघडं होतं, उज्ज्वलाचा तास चालू होता. साठ पोरं, तीस संगणक. भिंतीवर फळा होता, पण त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर विजेची मोठी लोखंडी पेटी बसवलेली. कधीकाळी कोणा ठेकेदाराने बसवली, कोणी हलवली नाही. तसा अर्ज आला होता माझ्याकडे. दोनदा आला होता. उज्ज्वला पेटीच्या वर उरलेल्या फळ्यावर खडूने प्रोग्रॅम लिहीत होती. मी दारातच उभी राहून ओळी मोजल्या. अकराव्या ओळीला पेटी लागली.

"झाला तुकडा," ती पोरांना म्हणाली. "फळ्यावर मावत नाही ते डोक्यातही मावत नाही. पुढचं पुसून लिहू. आणि शेवटची ओळ कोणती?"

"रिकामं आलं तर काय!" साठ पोरं एका सुरात ओरडली.

बारा वर्षं, दरवर्षी साठ पोरं. तिने त्यांचं चोरलं नव्हतं. त्यांच्या हातात तिचा हात गेला होता. ती मुलं शिकली, कंपन्यांत लागली, त्यांची कामं भराभर बाहेर आली, त्यांवर तारखा पडल्या. हिचा प्रबंध मात्र आठवड्याचे अठ्ठावीस तास घेता घेता रखडत रखडत दोन वर्षांपूर्वी पुरा झाला. शिकवण्याला तारीख कुठे असते? फळा पुसला की संपलं. ठशाच्या हिशेबात गुरू शिष्यांची नक्कल ठरली.

म्हणजे तिला सोडवायचं तर एकच वाट होती. सात वर्षांपेक्षा जुनं, तारीख असलेलं, तिच्या हाताचं काहीतरी दाखवायचं. मी वर आले, खुर्चीत बसले, आणि तेव्हा मला ते आठवलं. आठवलं म्हणणंही खोटं. मी ते कधी विसरलेच नव्हते, फक्त त्यावर काहीबाही रचून ठेवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी मोडी लिपीतले जुने कागद वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर माझा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या जोरावर मी प्राध्यापक झाले, पुढे विभागप्रमुख. कल्पना माझी होती, ते कोणी नाकारू शकत नाही. पण प्रोग्रॅम लिहायला मला वेळ कुठे होता? ते उज्ज्वलाने लिहिले, तीन महिने, तास संपल्यावर बसून. "तासिकावाल्यांना निबंधावर नावाखाली विद्यापीठाचा पत्ता लावता येत नाही गं," मी तिला म्हणाले होते. "तुझ्या नावाचं पुढच्या निबंधात बघू." पुढचा निबंध आलाच नाही. आमच्याकडे हे असंच चालतं. माझ्या सरांनी माझ्याशी तेच केलं होतं, म्हणून मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. तिचं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

मी निबंधाबरोबर जोडलेले प्रोग्रॅम उघडले. अकरा ओळी. अकरा. नऊ. अकरा. प्रत्येक तुकड्याच्या तळाशी तीच तपासणी.

आणि बघा माझा स्वभाव! एवढं दिसल्यावर पहिला विचार काय यावा? हिने तो प्रश्न मुद्दामच विचारला. ही मला धमकावतेय. गुरुवारी सगळ्यांसमोर माझं नाव घेणार. बुधवारी सकाळी मी तिला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"तुला काय हवंय ते सरळ सांग," मी म्हणाले.

"कशाबद्दल मॅडम?"

"सोंग नको आणूस. मोडीचा निबंध. उद्या तो काढणार आहेस ना?"

ती खरोखरच गोंधळली. मग तिला कळलं, आणि तिचा चेहरा असा काही पडला की मी नजर वळवली. "नाही मॅडम," ती म्हणाली. "ते तुम्ही सांगण्यासारखं आहे. मी कसं सांगणार? माझ्याकडे कागद कुठलाय त्याचा? लाल शेरा असलेल्या बाईने विभागप्रमुखांवर आरोप केला, एवढंच होईल. मी लॅबचं विचारलं ते फळ्यासाठी. म्हटलं, तुम्ही फळा बघितलात तर तुम्हाला समजेल."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर जूनपासून नाही येणार. भावाच्या दुकानात बसेन." तिने ओढणी सारखी केली. "तास आहे माझा. जाऊ?"

त्या संध्याकाळी मी मिलिंदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ठशाला सांगून टाक की मोडीचा निबंध आधीचा आहे."

"मग ठसा म्हणेल मूळ हात माझा, आणि ती माझीही नक्कल करते!" मी ओरडले. "तो निबंध माझ्या नावावर आहे रे. तिचा म्हणायचा तर आधी तो माझा नाही हे दाखवावं लागेल. त्यासाठी माझा खरा हात पाहिजे. माझा स्वतःचा प्रबंध घालावा लागेल, सव्वीस वर्षांपूर्वीचा."

"मग घाल."

"घाल काय घाल! विभागप्रमुखपद जाईल. चौकशी लागेल. लोक तोंडात शेण घालतील."

मिलिंदने ताटं वाढायला घेतली. त्याने यंत्राला विचारून काही बोलायलाही हरकत नव्हती, पण तो नाही बोलला. मला फार भीती वाटत होती, हे मी लपवत नाही. पाच वर्षांनी निवृत्ती, निरोपाच्या समारंभात शाल कोण देणार इथपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं.

गुरुवारी अकराला रणदिवे सरांच्या खोलीत आम्ही पाच जण. उज्ज्वला टेबलाच्या टोकाला बसली होती, तिच्यासमोर पाण्याचा ग्लाससुद्धा कोणी ठेवला नव्हता. सरांनी अहवाल वाचून दाखवला. "बागूल मॅडम, काही म्हणायचंय?"

"मी हे स्वतः लिहिलंय, सर. आणि मुलांना असंच शिकवलंय."

"त्याला काही पुरावा?"

"नाही सर." ती माझ्याकडे बघत नव्हती.

"विभागप्रमुखांचा अभिप्राय?"

माझ्या फाइलीत दोन कागद होते. एक अभिप्राय, टाइप केलेला, सही राहिलेली, अहवालाशी तंतोतंत जुळता. तोपर्यंत मला खरंच ठाऊक नव्हतं कोणता कागद बाहेर येईल. मी दुसरा काढला.

"सर, ठशामध्ये आणखी दोन गोष्टी घालायच्या आहेत. माझा प्रबंध आणि माझा मोडीचा शोधनिबंध."

खोलीत चुळबुळ झाली. "तुम्हाला सूट आहे, मॅडम," सर म्हणाले.

"सूट मागणाऱ्यांत पहिली सही माझी होती. ती मी मागे घेते, माझ्यापुरती."

सरांनी मला खिडकीपाशी नेलं आणि हळूच म्हणाले, "अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? एक तासिकावाली गेली तर दुसरी येते."

परवाच मी त्यांना 'घरोबा वेगळा, काम वेगळं' म्हणाले होते. माझीच मला लाज वाटली. "ही नाही येत," मी म्हणाले. "लावा यंत्र."

ठशाला चार मिनिटं लागली. पडद्यावर दोन ओळी आल्या. 'प्रबंध आणि शोधनिबंध: हात वेगवेगळे. शोधनिबंधाचा हात सदर उमेदवाराशी जुळतो, दिनांक सर्वांत जुना.'

"मग हा शोधनिबंध कोणाचा?" सरांनी विचारलं.

"कल्पना माझी. लिहिणारा हात बागूल मॅडमचा. मी त्यांचं नाव घातलं नाही." मी फाइलीतला कोरा कागद पुढे ओढला. "तसं लिहून देते."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. तिचा शेरा तिथल्या तिथे निघाला आणि संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर बसला. विभागप्रमुखपद सोमवारी गेलं, चौकशी अजून चालू आहे. उज्ज्वलाची मुलाखत पुढच्या आठवड्यात झाली आणि जागा तिलाच मिळाली. बारा वर्षांनी तिचं नाव विभागाच्या पाटीवर आलं. त्याच पाटीवरचं माझं नाव, चौकशी संपेपर्यंत, सगळ्यांत वरून थेट तिच्याही खाली आलं.

पण मला सांगायचंय ते सुनावणीनंतरचं. आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यात आलो. मला वाटलं, आता ही रडेल, माझा हात धरेल, 'मॅडम, तुम्ही माझ्यासाठी केवढं केलंत' म्हणेल. मी त्याची वाट बघत उभी होते, खोटं कशाला बोलू?

तिने पिशवी खांद्याला लावली.

"मॅडम, ठशाने मला चोर म्हटलं त्याचं मला काही वाटलं नाही," ती शांतपणे म्हणाली. "त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

तासाची घंटा झाली. ती जिना उतरून तीन नंबरकडे गेली. मी केबिनमध्ये येऊन डबा उघडला, आणि एकटीने जेवले.